शांता आपटे : 'तापट नटी' या शब्दांआड दडवलेला कराराचा वाद

१/ जुलै १९३९. पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकात त्याच कंपनीची गाजलेली नायिका-गायिका उपोषणाला बसली. नाव शांता आपटे. वाद कंपनीशी असलेल्या कराराचा. मराठी चित्रपटाच्या स्मरणरंजनात ही घटना बहुधा एका ओळीच्या गमतीदार किश्श्यासारखी येते. ती किस्सा म्हणून सांगितल्याने इतिहासाचे काय नुकसान होते, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ किस्सा साधारण असा रंगतो : बाई गुणी होत्या, पण स्वभावाने भारी तापट. त्यांनी मालकांशी भांडण काढले, दारात ठाण मांडले, मग कंपनी सोडली. पुढे लगेच दुसरा किस्सा जोडला जातो, 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांना त्यांनी छडीने मारल्याचा. दोन्ही किस्से मिळून एक निष्कर्ष हाती येतो : स्वभाव. आणि 'स्वभाव' हा शब्द आला की कारण शोधण्याची गरज संपते.

३/ कारण शोधायचे तर आधी माणूस ठाऊक हवा. शांता आपटे मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील दुधनीच्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या. १९३४ साली व्ही. शांताराम यांच्या 'अमृतमंथन'मुळे त्यांचे नाव मराठी आणि हिंदी, दोन्ही प्रेक्षकांत पोहोचले. पुढे 'अमरज्योती', 'वहाँ', 'कुंकू' आणि 'गोपालकृष्ण'. चार-पाच वर्षांत एवढी कमाई.

४/ त्यांच्या गाण्याविषयी एक गोष्ट जाणकार आवर्जून नोंदवतात. बोलपटाच्या आरंभीच्या काळात गाणे सुरू झाले की नट-नटी बहुधा खिळल्यासारख्या उभ्या राहत. शांता आपटे गाताना हलत, हातवारे करीत, चेहऱ्याने बोलत. गाणे प्रसंगातून उगवते आहे असे वाटे. म्हणजे प्रभातला त्यांच्याकडून केवळ गळा मिळत नव्हता. पडद्यावर गाण्याची एक रीतच त्या घडवीत होत्या.

५/ आता १९३७चा 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. नीरा या पोरक्या मुलीला मामा फसवून काकासाहेब नावाच्या वृद्ध, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. नीरा विवाह झाल्याचे नाकारू शकत नाही. पण पत्नीपण नाकारते. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते, नीरा शांता आपटे.

६/ या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातील आवाज तेवढे ऐकू येतात, घड्याळाचे ठोके धरून. काकासाहेबांच्या सुशिक्षित, समाजकार्य करणाऱ्या विधवा मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजपे यांची ही कन्या प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या प्रचाराचे काम करीत होती. आणि नीरा या चित्रपटात लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गाते. सारेच त्या काळाला नवे.

७/ 'कुंकू'चे तेव्हाही कौतुक झाले, आजही होते. नीरेचा नकार हा मराठी समाजाच्या पुरोगामीपणाचा दाखला म्हणून दाखवला जातो. 'सही केली म्हणून सारे मान्य केले असे होत नाही' हा त्या कथेचा गाभा. विवाह हा करारच. आणि फसवणुकीने, नाइलाजाने झालेल्या कराराला विरोध करण्याचा हक्क माणसाला आहे, हे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून मान्य केले.

८/ दोनच वर्षांनी तीच स्त्री खऱ्याखुऱ्या करारावर आक्षेप घेऊन फाटकात बसली. या वेळी मात्र टाळ्या नव्हत्या. पडद्यावरचा नकार 'तेजस्वी' आणि फाटकातला नकार 'आडमुठा' ठरला. चेहरा तोच, प्रश्नाची जातही जवळपास तीच. समोर काकासाहेबांच्या जागी कंपनी होती, एवढाच काय तो फरक.

९/ फरक आणखी एक होता. चित्रपटात नीरेची सुटका होते ती काकासाहेबांना उपरती झाल्यावर. ते जीवन संपवतात आणि पत्रातून तिला मोकळे करतात. म्हणजे नकार कितीही धारदार असला तरी शेवट वडीलधाऱ्या पुरुषाच्या औदार्यावर येऊन टेकतो. प्रेक्षकाला तो सोसतो, कारण त्यात कोणाला काही द्यावे लागत नाही. कंपनीला उपरती होईल अशी पटकथा कोणी लिहिलेली नव्हती.

१०/ प्रभात ही वाईट संस्था होती असा इथे दावा नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ती काढली. १९३३ साली ती पुण्यात आली. भागीदार स्वतः स्टुडिओत राबत. शिस्त, तांत्रिक गुणवत्ता, विषयांची निवड या बाबतींत तिची बरोबरी करणाऱ्या संस्था देशात मोजक्याच होत्या.

११/ पण चांगली संस्था म्हणजे न्याय्य करार, हे समीकरण कोणी मांडले? त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत नट-नटी मासिक पगारावर बांधलेले असत. भूमिका कंपनी ठरवणार, चित्रपट कधी करायचा तेही कंपनी ठरवणार, आणि अन्यत्र काम करायचे तर कंपनीची परवानगी हवी. कंपनीने काम दिले नाही तर कलावंताने घरी बसून वय वाढताना पाहायचे.

१२/ नायिकेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. दिग्दर्शकाची कारकीर्द चाळीस वर्षे चालू शकते. नायिका म्हणून बाजार तिला मोजकी वर्षे देतो. तिचे भांडवल म्हणजे तिचा वेळ, आणि तो वेळच करारान्वये दुसऱ्याच्या तिजोरीत. शांता आपटे यांचा प्रभातमधील शेवटचा चित्रपट 'गोपालकृष्ण', साल १९३८. उपोषण १९३९चे. या दोन सालांमधले अंतर 'स्वभावा'ने भरून काढणाऱ्यांनी ते एकदा करारानेही भरून पाहावे.

१३/ "पण प्रभात तर कुटुंबासारखी होती," हे उत्तर ठरलेले. कुटुंब ही मोठी सोयीची उपमा आहे. कुटुंबात करारपत्र मागणारा कृतघ्न ठरतो, पगार मागणारा हिशेबी ठरतो आणि मोठ्याने बोलणारी सून कजाग ठरते. मालक-नोकर हे नाते कुटुंबाच्या भाषेत गुंडाळले की नोकराची प्रत्येक मागणी आपोआप उर्मटपणा बनते. 'कुंकू'नेच घराच्या या भाषेवर कोरडे ओढले होते.

१४/ आता साधनाकडे पाहू. उपोषणच का? ३ मार्च १९३९ रोजी गांधीजींनी राजकोटमध्ये उपोषण सुरू केले. तेथील ठाकोरसाहेबांनी प्रजेला दिलेले वचन मोडले, हे त्याचे कारण. म्हणजे दिल्या शब्दावरून सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याचे साधन म्हणून उपोषण त्या वर्षी देशभर चर्चेत होते. दहा वर्षांपूर्वी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडले होते, ही आठवणही ताजीच.

१५/ आणखी जवळचा संदर्भ. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांनी एक दिवसाचा मोठा संप केला. खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाने संपाचा हक्क आवळला जातो, हा आक्षेप होता. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या लढ्यात एकत्र होते. काम, करार, मालक, संप हे मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांचे रोजचे शब्द बनले होते.

१६/ अशा वेळी एखादी स्त्री कामाच्या ठिकाणी, मालकाच्या दारात, कराराच्या प्रश्नावर अन्न नाकारते. तेव्हा ती आपल्या काळाची राजकीय भाषा बोलत असते. हीच कृती गिरणीकामगाराने केली असती तर तिला 'आंदोलन' म्हटले गेले असते. नटीने केली म्हणून ती 'नखरा' झाली. कृतीचे नाव कर्त्यावरून ठरवणे हे इतिहासलेखन नाही.

१७/ आक्षेप येईल : नावाजलेली नायिका आणि गिरणीकामगार यांची तुलना कशी? योग्य आक्षेप आहे. शांता आपटे यांचा पगार आणि स्टुडिओत दिवे उचलणाऱ्या माणसाचा पगार यांत मोठीच दरी होती. त्यांचे उपोषण एकटीचे होते, त्यामागे संघटना नव्हती. त्यांना कामगारनेत्या म्हणणे अतिशयोक्ती होईल आणि अतिशयोक्तीने त्यांचे काही भले होणार नाही.

१८/ पण पगार जास्त असला म्हणून पारतंत्र्याचा प्रश्न मिटत नाही. आपला वेळ, आपला गळा, आपला चेहरा कोणी, किती काळ आणि कोणत्या अटींवर वापरायचा, हा तो प्रश्न. तो त्यांनी उघड्यावर, फाटकात आणला. बंद खोलीतील बोलणी हा मालकाच्या सोयीचा रिवाज असतो; त्यांनी तो मोडला, आणि 'तापट' हा शिक्का बहुधा त्याचीच किंमत आहे.

१९/ हे सारे आपण त्यांच्या डोक्यात घालतो आहोत का? मुळीच नाही. पुढच्याच वर्षी, १९४० साली, शांता आपटे यांनी मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध केले : 'जाऊ मी सिनेमात?' शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे. तो प्रश्न त्या काळी घरोघरी विचारला जात होता, पण वेगळ्या अर्थाने : चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जावे का? अब्रूचे काय?

२०/ शांता आपटे यांनी त्या प्रश्नाचा रोख बदलला. सिनेमा हा धंदा आहे, त्यात भांडवल कोणाचे, सत्ता कोणाची, कष्ट कोणाचे आणि कष्ट करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे पाहून मुलीने ठरवावे, असा त्यांचा रोख आहे. अब्रूच्या प्रश्नाला त्यांनी कामाच्या अटींचा प्रश्न बनवले. १९४० साली एका अभिनेत्रीने मराठीत हे केले, हे लक्षात घ्या.

२१/ मग हे पुस्तक मराठी वाचकाच्या ओठांवर का नाही? तुलना करून पाहा. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला. प्रभातच्याच 'माणूस'च्या नायिका शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' हेही अनेकांनी वाचले आहे. दोन्ही मोलाची पुस्तके आहेत. दोन्ही आत्मकथने आहेत.

२२/ नटीने आपले दुःख सांगितले तर समाज हळहळतो आणि ऐकतो. ते दुःख नशिबाचे, नवऱ्याचे, दारूचे, एकटेपणाचे असले तर अधिकच. हंसाबाई आणि हुबळीकरबाईंची पुस्तके त्यापलीकडे बरेच सांगतात, पण वाचली जातात ती अशीच. 'जाऊ मी सिनेमात?' हळहळण्याची सोय देत नाही. ते युक्तिवाद करते. अश्रू ढाळणारी नटी आपल्याला सोसते. हिशेब मांडणारी सोसत नाही.

२३/ दुसरा प्रश्न साधनांचा. प्रभातचा इतिहास आपण कुठून वाचतो? शांताराम यांचे आत्मचरित्र 'शांतारामा', कंपनीचे गीतकार शांताराम आठवले यांचे 'प्रभातकाल', बापू वाटवे यांचे 'एक होती प्रभातनगरी'. ही पुस्तके नसती तर आपण फार दरिद्री झालो असतो. पण ती आहेत कंपनीच्या आतल्या किंवा कंपनीवर जीव असलेल्या माणसांची. त्यांच्या शेजारी फाटकाबाहेरच्या बाईचे पुस्तक ठेवल्याशिवाय वाचन पुरे होत नाही.

२४/ शब्दांची निवड पाहा. १९४२ साली खुद्द व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. त्याला आपण 'मतभेद' म्हणतो, 'नवे पर्व' म्हणतो. शांता आपटे बाहेर पडल्या ते 'भांडण'. संस्था तीच, मधले अंतर तीन वर्षांचे. मतभेद व्हायला मत असावे लागते. आणि नटीला मत असते हेच जणू या शब्दयोजनेला मान्य नाही.

२५/ बाहेर पडून त्या संपल्या का? १९४१ साली त्या तमिळ 'सावित्री'मध्ये नायिका होत्या. त्यासाठी तमिळ शिकल्या. त्याच चित्रपटात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ साली लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार'. १९४६ साली मास्टर विनायकांचा 'सुभद्रा', ज्यात कोवळ्या लता मंगेशकर त्यांच्यासोबत गायल्या. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई : कराराने बांधलेल्या नटीला हा नकाशा मिळाला नसता.

२६/ याच दशकात युद्धकाळातील नवा पैसा चित्रपटांत आला आणि मासिक पगाराची स्टुडिओ पद्धत कोसळू लागली. कलावंत चित्रपटागणिक करार करू लागले. शांता आपटे यांनी ही पद्धत मोडली असे म्हणता येणार नाही. ती मोडली पैशाने. पण तिच्यात काय सडले आहे, हे त्यांनी ती कोसळण्याआधी उघडपणे सांगितले होते. इतिहासात अशा माणसाची जागा किस्सेसंग्रहात नसते.

२७/ आता दुसऱ्या बाजूच्या चुकीकडे. अलीकडे समाजमाध्यमांवर शांता आपटे यांना 'बंडखोर राणी' वगैरे बनवून छडीचा किस्सा मोठ्या अभिमानाने फिरवला जातो. हेतू चांगला असेल, पण युक्ती तीच. पूर्वी स्वभावाला नावे ठेवली जात, आता त्याच स्वभावाची पूजा होते. करार आणि पुस्तक दोन्ही वेळा बाहेरच. छडी फिरवणारी बाई पाहायला बरी वाटते. करारातल्या अटींवर बोट ठेवणारी बाई रीलमध्ये मावत नाही.

२८/ शांता आपटे २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत वारल्या. त्याच महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. चित्रपटाच्या रिळांची जपणूक त्या महिन्यापासून राष्ट्राचे काम ठरली. रिळांतील माणसांच्या करारपत्रांची, पगारपत्रकांची, पत्रव्यवहाराची जपणूक मात्र आजही कोणाचेच ठरलेले काम नाही. कागद गेले की किस्से उरतात. आणि किस्से बहुधा मालकाच्या बाजूने सांगितले जातात.

२९/ प्रभातच्या त्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २०१५ साली तेथील विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यात उपोषणही झाले. त्या मागण्यांविषयी तीव्र मतभेद होते. पण ते आंदोलन आहे आणि त्याला काही कारण आहे, एवढे विरोधकांनाही धरून चालावे लागले. १९३९च्या उपोषणासाठी तेवढेच मागणे आहे.

३०/ म्हणून इतिहासाच्या तरुण वाचकांना एक विनंती. कोणत्याही जुन्या अभिनेत्रीविषयी 'तापट', 'हट्टी', 'लहरी' असा शब्द वाचलात की तीन गोष्टी विचारा. हा शब्द प्रथम कोणी वापरला? त्याचे तिच्याशी पैशाचे नाते काय होते? आणि तेच वागणे एखाद्या पुरुषाने केले असता कोणता शब्द वापरला गेला?

३१/ आणि ग्रंथालयात गेलात तर 'जाऊ मी सिनेमात?' मागा. नसेल तर मागणीवहीत नाव लिहा. प्रभातवर लिहिणाऱ्यांनी, व्याख्याने देणाऱ्यांनी, जयंत्या साजऱ्या करणाऱ्यांनी हे पुस्तक आपल्या यादीत घ्यावे आणि त्याच्याशी हवे तर कडाडून भांडावे. 'कुंकू'तील नीरेला दाद देणाऱ्या समाजाकडे शांता आपटे यांचे हे येणे ८० वर्षांहून अधिक काळ थकले आहे.

(थ्रेड समाप्त)